कर्नल बदलल्यापासून व्हीएममध्ये १ मिलिसेकंदाची स्लीप ४ ची झालीये, आणि जुन्या कर्नलवर परत गेलो तरी तसंच

अर्धवट_अॅडमिन

मंडळी, दोन रात्री यात गेल्यात म्हणून शेवटी इथे टाकतोय, लांबलचक झालंय त्याबद्दल आधीच सॉरी.

एक होस्ट आहे, म्हणजे खरं मशीन, त्यावर केव्हीएम आणि क्यूईएमयू (व्हर्च्युअल मशीन चालवणारी जोडगोळी) लावून सात व्हीएम. गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, डेबियन ११ होतं, म्हणजे कर्नल ५.१०, आणि एका बाहेरच्या मॉड्यूलच्या भानगडीमुळे कर्नल बरेच महिने होल्डवर ठेवला होता. ती भानगड मिटली म्हणून गेल्या आठवड्यात सगळ्या व्हीएम डेबियन १२ वर नेल्या, आता कर्नल ६.१. होस्टला मी बोटसुद्धा लावलेलं नाही.

या व्हीएमवर आमचा एक छोटा प्रोग्राम चालतो. दर १ मिलिसेकंदाला उठायचं, क्यूमध्ये काही आलंय का बघायचं, आलं असेल तर टाइमस्टॅम्प मारून पुढे ढकलायचं आणि परत झोपायचं, एवढंच काम. आधी एका फेरीला १.०६ ते १.१ मिलिसेकंद लागायचे, आता ४ लागतात. म्हणजे सेकंदाला नऊशेच्या वर फेऱ्या व्हायच्या त्या अडीचशेवर आल्या आणि क्यू तुंबायला लागली.

अजून दोन गोष्टी दिसल्या, संबंध आहे की नाही माहीत नाही. लॉग लिहिणारी एक सर्व्हिस आहे, प्रत्येक ओळीला वेळ टाकते, तिचा सिस्टिम टाइम चांगलाच वर गेलाय, ट्रॅफिक तेवढंच असून. आणि क्रोनीमध्ये (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) फ्रीक्वेन्सी, म्हणजे घड्याळाच्या वेगातली चूक, आधी उणे १८ पीपीएमच्या (दहा लाखात १८) आसपास असायची ती आता जवळजवळ शून्य दाखवते. ही सुधारणा म्हणायची की बिघाड तेच कळेना.

साहजिकच वाटलं की ६.१ चा घोळ. म्हणून काल रात्री एका व्हीएमवर ग्रबच्या (बूटलोडर) मेन्यूतून जुना ५.१० बूट केला, तर तिथेही ४ च मिलिसेकंद!! आता मला वाटतंय की होस्टच गंडलाय आणि वेळ नेमकी जुळून आली. पण मग सातपैकी पाचच व्हीएम का, हे बसत नाही. एक व्हीएम एकदम व्यवस्थित आहे, आणि एक बहुतेक वेळ व्यवस्थित असते पण मधेच ८-९ मिलिसेकंदांचा झटका देते.

कुठून सुरुवात करू?

उलटीगणती

शेड्युलर, म्हणजे सीपीयू कोणाला कधी द्यायचा ते ठरवणारा भाग. नवीन कर्नलमध्ये सीएफएस काढून ईईव्हीडीएफ टाकलाय, त्यानंतर लेटन्सीच्या तक्रारी बऱ्याच वाचल्यात. आणि कर्नलच्या कमांड लाइनला टीएससी=रिलायबल (टीएससी म्हणजे प्रोसेसरमधलाच काउंटर) टाकून बघ, माझ्याकडे त्याने बरेच प्रॉब्लेम गेले.

रूटवाली

ईईव्हीडीएफ ६.६ मध्ये आला. यांच्याकडे ६.१ आहे. आणि ५.१० वरही तसंच होतंय असं ते स्वतःच लिहितायत, मग शेड्युलर मधे कुठून आला?

आणि टीएससी=रिलायबल हे असं कोणालाही सांगत जाऊ नका हो. त्याने टीएससी रिलायबल होत नाही, फक्त तपासणी बंद होते. कर्नलचा वॉचडॉग दर अर्ध्या सेकंदाला टीएससीची दुसऱ्या एखाद्या घड्याळाशी तुलना करत असतो, तो उठवून दिला की टीएससी खरंच भरकटला तरी लॉगमध्ये एक ओळ येणार नाही. धूर येतोय म्हणून स्मोक अलार्मचा सेल काढण्यासारखं आहे ते. आधी टीएससी वापरात आहे का एवढं तरी बघू द्या त्यांना.

कर्नल_काका

तुझ्या पोस्टमध्ये तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तू त्यांची एकच मोट बांधलीयस. टाइमर उशिरा वाजणं ही एक, घड्याळ पुढेमागे पळणं ही दुसरी, आणि किती वाजले हे विचारायलाच वेळ लागणं ही तिसरी. तिघांची यंत्रणा कर्नलमध्ये वेगळी आहे. वेळ सांगतो तो क्लॉकसोर्स, म्हणजे टीएससी, केव्हीएम-क्लॉक (केव्हीएम गेस्टला पुरवतं ते घड्याळ), किंवा एचपीईटी, एसीपीआय पीएम टाइमर या मदरबोर्डवरच्या घड्याळांपैकी कोणीतरी, आणि ठरल्या वेळी उठवतं ते क्लॉक इव्हेंट डिव्हाइस, म्हणजे बहुतेक ठिकाणी लोकल एपिक (प्रत्येक कोअरचा इंटरप्ट कंट्रोलर). क्लॉकसोर्स एकदम शहाणा असूनही स्लीप उशिरा संपू शकते आणि उलटंही होतं. लोक टाइमर गंडलाय म्हणतात आणि दिवसभर एनटीपीच्या (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या) मागे लागतात, मी स्वतः केलंय ते.

आता तुझ्या ४ कडे बघ. साडेतीन नाही, ५ नाही, ४. डेबियनचा कर्नल २५० हर्ट्झचा असतो, सेकंदाला २५० टिक (ठरावीक अंतराने येणारा टाइमरचा ठोका), म्हणजे दोन टिकमधलं अंतर बरोब्बर ४ मिलिसेकंद. होस्ट ओव्हरलोड असता तर आकडे विस्कटलेले आले असते, कधी १.३ कधी ६, असे. ओव्हरलोड झालेल्या होस्टला २५० चा पाढा येत नाही. त्यामुळे माझा संशय असा की तुझ्या पाच व्हीएममध्ये हाय-रेझोल्युशन टाइमर चालूच नाहीत आणि प्रत्येक स्लीप पुढच्या टिकपर्यंत ढकलली जातेय. तू टिकनंतर लगेच उठतोस, १ मिलिसेकंद झोपायला सांगतोस, तो १ संपतो पण बघायला कोणी नसतं, पुढचा टिक आला की मग उठवतात.

पडताळायला सोपं आहे. स्लीप १ ऐवजी ३ कर, मग ५ कर. पायऱ्या पडत असतील तर ३ ला पण ४ येतील आणि ५ ला ८ येतील. सरासरी नको, प्रत्येक फेरीचा आकडा लिहून काढ आणि सगळ्यात लहान, मधला आणि सगळ्यात मोठा सांग.

एवढं झालं की हे बघून सांग:

सिस् फाइलसिस्टिममध्ये क्लॉकसोर्स० ची डिरेक्टरी आहे, त्यात सध्या कोणता चालू आहे आणि उपलब्ध कोणकोणते आहेत अशा दोन फाइली आहेत, दोन्ही इथे टाक. प्रॉकमध्ये टायमर_लिस्ट नावाची फाइल आहे, रूटने वाच, त्यात रीझोल्युशन पुढे किती नॅनोसेकंद लिहिलंय आणि इव्हेंट हँडलर कोण आहे ते बघ. १ नॅनोसेकंद असेल तर माझं सगळं म्हणणं चुकीचं. लॉगवाल्या सर्व्हिसला पाच सेकंद एसट्रेस (सिस्टिम कॉल दाखवणारं टूल) लाव आणि वेळ विचारणाऱ्या क्लॉक_गेटटाइमचे कॉल किती येतात ते मोज. आणि प्रॉकमधली सीएमडीलाइन, म्हणजे कर्नल कोणत्या पर्यायांनी बूट झालाय ती ओळ, टाक. चांगल्या आणि वाईट दोन्ही व्हीएमवर कर हे, शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय मजा नाही.

अर्धवट_अॅडमिन

काका, पायऱ्याच पडतायत!

वाईट व्हीएमवर: १ ला सगळ्यात लहान ३.९९, मधला ४.००, मोठा ८.०१. ३ ला मधला ४.००. ५ ला मधला ८.००. अगदी पट्टीने आखल्यासारखं.

चांगल्या व्हीएमवर: १ ला मधला १.०६, ३ ला ३.०६, ५ ला ५.०६.

टायमर_लिस्टमध्ये वाईटवर रीझोल्युशन ४०००००० नॅनोसेकंद, हँडलर टिक_हँडल_पीरियॉडिक. चांगल्यावर रीझोल्युशन १, हँडलर एचआरटाइमर_इंटरप्ट.

क्लॉकसोर्स वाईटवर एसीपीआय_पीएम आहे, उपलब्धच्या यादीत केव्हीएम-क्लॉक आहे तरी!! चांगल्यावर केव्हीएम-क्लॉक.

एसट्रेसमध्ये चांगल्यावर क्लॉक_गेटटाइमचा एकही कॉल नाही, मला वाटलं एसट्रेसच नीट लागलं नाही. वाईटवर पाच सेकंदांत स्क्रीन धावत सुटली, हजारोंनी.

म्हणजे ६.१ ने केव्हीएम-क्लॉक वापरणं सोडलं का? पण मग ५.१० ला काय झालं?

रूटवाली

एसट्रेस नीटच लागलं होतं. केव्हीएम-क्लॉक किंवा टीएससी असला की वेळ व्हीडीएसओमधून (कर्नलने प्रत्येक प्रोग्रामच्या मेमरीत ठेवलेला छोटा कोड) वाचली जाते, कर्नलमध्ये उतरावंच लागत नाही, म्हणून कॉल दिसत नाही. काही दहा नॅनोसेकंदांचं काम. एसीपीआय_पीएम असला की आधी सिस्टिम कॉल, मग पोर्ट वाचताना व्हीएममधून बाहेर पडून होस्टवर, आणि तो टाइमर क्यूईएमयू स्वतः एम्युलेट करत असल्यामुळे तिथूनही पुढे युजरस्पेसपर्यंत फेरी. प्रत्येक वेळेला. लॉगच्या एका ओळीसाठी एवढी यात्रा. तुमचा सिस्टिम टाइम तिथेच जातोय, त्या सर्व्हिसचा काही दोष नाही.

तुम्ही सीएमडीलाइन टाकायची विसरलात बघा. आणि मला तीच हवी आहे.

कर्नल_काका

तेच म्हणतो. केव्हीएम-क्लॉकचं रेटिंग पीएम टाइमरपेक्षा बरंच वर असतं, तो यादीत असताना कर्नल स्वतःहून पीएम टाइमर निवडणार नाही. कोणीतरी हाताने सांगितलेलं आहे. टाक ती ओळ.

अर्धवट_अॅडमिन

अरे देवा.

वाईट पाचही व्हीएमवर सीएमडीलाइनच्या शेवटी हे आहे: नोएचझेड=ऑफ हायरेस=ऑफ क्लॉकसोर्स=एसीपीआय_पीएम

चांगल्यावर काहीच नाही. मी शपथेवर सांगतो हे मी टाकलेलं नाही, आणि अपग्रेडच्या आधी हे नव्हतं, कारण जुन्या बूटचे लॉग अजून जर्नलमध्ये आहेत, त्यात कर्नल कमांड लाइनची ओळ साफ आहे.

म्हणजे डेबियनच्या अपग्रेडने हे घुसवलं?

रूटवाली

डेबियन असलं काही घुसवत नाही. ग्रबची डिफॉल्ट फाइल उघडा, एटसीमध्ये डिफॉल्टखाली, आणि तिची शेवटची बदललेली तारीख बघा. माझा अंदाज सांगून ठेवते: ती ओळ तिथे कधीचीच पडून असणार.

अर्धवट_अॅडमिन

पडूनच होती. तारीख कर्नल होल्डवर टाकल्यानंतर साधारण महिन्याभराची. आमच्या कॉन्फिगच्या रिपॉझिटरीत बघितलं तर जुन्या टीममधल्या कोणीतरी व्हीएमचं घड्याळ स्थिर करण्यासाठी असा मेसेज लिहून पाच व्हीएमच्या ग्रुपला ही ओळ लावली होती. उरलेल्या दोन व्हीएम नंतर बनवल्या, त्या ग्रुपमध्ये नाहीत.

फाइल बदलली पण अपडेट-ग्रब कोणी चालवलंच नाही! त्यामुळे खरी ग्रबची कॉन्फिग जुनीच राहिली. कर्नल होल्डवर असल्यामुळे नवीन कर्नलच्या निमित्ताने आपोआप चालतं तेही कधी चाललं नाही, मधे दोनदा रीबूट झाले ते जुन्याच ओळीवर. गेल्या आठवड्यात ६.१ बसला, त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टने अपडेट-ग्रब चालवलं आणि इतके महिने झोपलेली ओळ जागी झाली.

कर्नल_काका

आणि अपडेट-ग्रब मेन्यूतल्या सगळ्याच कर्नलच्या नोंदी नव्याने लिहितं, एकट्या नव्याची नाही. म्हणून तू ५.१० वर परत गेलास तेव्हा कर्नल जुना पण कमांड लाइन नवी, अशी खिचडी बूट झाली. जुन्या कर्नलवरही तेच होतंय म्हणजे कर्नलचा दोष नाही, इथपर्यंत तुझं बरोबर होतं, पण तिथून तू थेट होस्टवर उडी मारलीस. मधे ग्रब होतं, इनिटरॅमएफएस होतं, सिस्कंट्रोलच्या फाइली होत्या. परत जायचं तर डिस्कच्या अपग्रेडआधीच्या स्नॅपशॉटवर जायचं, तेव्हा कुठे ते परत जाणं.

पाच दिवस बायसेक्ट (दरवेळी अर्धे बदल वगळून दोषी कमिट शोधणं) करत बसला नाहीस हे नशीब समज. कर्नलच्या एका रिलीजमध्ये तेरा-चौदा हजार कमिट असतात, म्हणजे बायसेक्टच्या चौदाएक पायऱ्या, दर पायरीला बिल्ड आणि बूट, आणि इथे ५.१० ते ६.१ म्हणजे अशा बऱ्याच रिलीज. आणि इतकं करून प्रत्येक पायरीला ‘बिघडलेला’ असंच उत्तर मिळालं असतं.

उलटीगणती

पण घड्याळ स्थिर करायला टाइमर बंद कोण करतं? लॉजिक काय आहे याच्यामागे?

कर्नल_काका

वीसेक वर्षांपूर्वी लॉजिक होतं रे त्याला. २.६ च्या सुरुवातीच्या काळात गेस्ट कर्नल टिक मोजून वेळ ठेवायचे, होस्टने व्हीएमला थोडा वेळ सीपीयू दिला नाही की टिक हरवायचे आणि घड्याळ मागे पडायचं. टीएससी त्या काळच्या बऱ्याच प्रोसेसरवर फ्रीक्वेन्सी बदलली की बदलायचा, कोअरगणिक वेगळा असायचा. त्यामुळे गेस्टमध्ये टीएससी नको, पीएम टाइमर वापरा, टिक कमी करा, असे सल्ले व्हर्च्युअलायझेशन विकणारे स्वतः देत होते आणि तेव्हा ते बरोबरही होते. एचआरटाइमरचा पाया २.६.१६ मध्ये आला, पण प्रत्यक्ष हाय-रेझोल्युशन मोड आणि टिकलेस (गरज नसताना टिक न देणं, तेच नोएचझेड) २.६.२१ मध्ये, म्हणजे २००७. सुरुवातीला त्यातही बग निघाले, मग हायरेस=ऑफ नोएचझेड=ऑफ हाही नुस्खा झाला. पुढे केव्हीएम-क्लॉक आला, प्रोसेसरमध्ये न थांबणारा न बदलणारा टीएससी आला, नुस्ख्याचं कारण संपलं पण नुस्खा इंटरनेटवरून काही गेला नाही. कुठल्यातरी जुन्या पानावरून उचललेली ओळ आहे ती.

रूटवाली

क्रोनीचं कोडंही यातच सुटतं, म्हणून लिहिते. केव्हीएम-क्लॉक हा होस्टच्या टीएससीच्या मूळ वेगावर चालतो, होस्टवरच्या एनटीपीने केलेली बारीक दुरुस्ती त्यात येत नाही. त्यामुळे होस्टच्या क्रिस्टलची जी काही चूक असेल ती गेस्टच्या क्रोनीला स्वतः शोधून काढावी लागते. ते तुमचे १८ पीपीएम, म्हणजे दिवसाला दीड सेकंद. एम्युलेट केलेला पीएम टाइमर मात्र क्यूईएमयू होस्टच्या मोनोटोनिक घड्याळावरून चालवतं आणि ते एनटीपीने आधीच सरळ केलेलं असतं. म्हणून गेस्टमध्ये शून्य दिसायला लागलं.

होस्टवर क्रोनी किती दाखवतं बघा, १८ च्या आसपास असणार. म्हणजे शून्य ही सुधारणाही नव्हती आणि बिघाडही नव्हता, तुम्ही न विचारता घड्याळ बदलल्याची ती पावती होती.

ओळ काढल्यावर क्रोनीच्या ड्रिफ्ट फाइलमध्ये शून्याजवळचा आकडा राहिलेला असेल, त्यामुळे पहिला थोडा वेळ ऑफसेट सरकताना दिसेल. घाबरू नका, आपोआप शिकतं ते. घाई असेल तर ड्रिफ्ट फाइल उडवून क्रोनी रीस्टार्ट करा.

अर्धवट_अॅडमिन

होस्टवर उणे १७.८. कमाल आहे.

रिपॉझिटरीतून ओळ काढली, अपडेट-ग्रब चालवलं, पाचही रीबूट केल्या. रीबूटनंतर या वेळी सगळ्यात आधी सीएमडीलाइन बघितली :) क्लॉकसोर्स केव्हीएम-क्लॉक, रीझोल्युशन १, मधला आकडा १.०६. लॉगच्या सर्व्हिसचा सिस्टिम टाइम पहिल्यासारखा.

एक शंका, ते वरचे ०.०६ कुठून येतात? आणि ती झटके देणारी व्हीएम अजून तशीच आहे. तिच्यावर ही ओळ कधीच नव्हती. रीझोल्युशन १, केव्हीएम-क्लॉक, सगळं जागेवर, तरी मधला १.०७ आणि मोठा ९.४.

खटपट्या

०.०६ मधले ०.०५ कर्नल मुद्दाम घालतो. साध्या प्रोसेसला ५० मायक्रोसेकंदांचा टाइमर स्लॅक डिफॉल्ट असतो, म्हणजे जवळजवळचे टाइमर एकत्र उठवता यावेत म्हणून दिलेली मोकळीक. उरलेलं व्हीसीपीयूला (व्हीएमचा सीपीयू, होस्टसाठी एक थ्रेड) जागं करण्यात जातं. नको असेल तर पीआरसीटीएलने स्लॅक कमी करता येतो, रिअलटाइम प्रायॉरिटीच्या थ्रेडला तो लागूच नसतो. तुमच्या कामाला फरक पडेल असं वाटत नाही.

झटकेवाल्या व्हीएमचा आजार वेगळा आहे, आकडे पायरीवर नाहीत. तिथे मला होस्ट दिसतो. टाइमर वेळेवर वाजतो पण त्या क्षणी व्हीसीपीयूचा थ्रेड होस्टवर रांगेत उभा असतो, गेस्टला कळेपर्यंत ९ मिलिसेकंद झालेले.

टॉपमध्ये एसटी चा, म्हणजे स्टीलचा (व्हीसीपीयूला हवा असून होस्टने न दिलेला वेळ) कॉलम बघा, पण त्याच्या सरासरीवर जाऊ नका. एका सेकंदात २ टक्के स्टील दिसला तर ते दोनशे बारीक तुकडे असू शकतात किंवा २० मिलिसेकंदांचं एकच भगदाड. सरासरीला दोन्ही सारखेच. त्यापेक्षा होस्टवर त्या क्यूईएमयू प्रोसेसचे व्हीसीपीयू थ्रेड शोधा, प्रॉकमध्ये त्या थ्रेडच्या डिरेक्टरीत शेडस्टॅट नावाची फाइल असते, तीन आकडे. पहिला सीपीयूवर घालवलेला वेळ, दुसरा सीपीयूची वाट बघत रांगेत घालवलेला वेळ, दोन्ही नॅनोसेकंदांत. दुसरा आकडा दर सेकंदाला वाचून फरक काढा. शांत असलेल्या होस्टवर तो जवळपास हलत नाही.

आणि सायक्लिकटेस्ट (टाइमर किती उशिरा उठवतो ते मोजणारं टूल) गेस्टमध्ये आणि होस्टवर एकाच वेळी चालवा, प्रायॉरिटी ८०, इंटरव्हल १००० मायक्रोसेकंद, दहा मिनिटं. दोन्हीकडे मॅक्स मोठा आला तर हार्डवेअर किंवा होस्टचा कर्नल. फक्त गेस्टमध्ये आला तर व्हीसीपीयूला जागा मिळत नाहीये. होस्टवर ८० प्रायॉरिटीने चालवताना बेताने हं, चालू सिस्टिम आहे.

उलटीगणती

केव्हीएमचं हॉल्ट पोलिंग वाढवून? होस्टवर हॉल्ट_पोल_एनएस म्हणून आहे.

खटपट्या

एक्स८६ वर ते डिफॉल्ट २,००,००० नॅनोसेकंद असतं, म्हणजे व्हीसीपीयू रिकामा झाला की होस्ट जास्तीत जास्त २०० मायक्रोसेकंद घुटमळतो आणि मगच थ्रेडला झोपवतो. हे १ मिलिसेकंद झोपतायत, तोवर घुटमळणं कधीच संपलेलं असतं. ते वाढवून १ मिलिसेकंदाच्या वर नेलं तर होस्टचा सीपीयू नुसता जळेल, आणि ज्याला सीपीयू मिळत नाहीये त्याचा प्रश्न शेजाऱ्यांनी अजून सीपीयू खाऊन कसा सुटेल?

अर्धवट_अॅडमिन

सापडलं, आणि हे मात्र मीच केलेलं आहे.

सायक्लिकटेस्टमध्ये होस्टचा मॅक्स ६० मायक्रोसेकंदांच्या आत, गेस्टचा ९ हजारांच्या वर. शेडस्टॅटचा दुसरा आकडा बाकी व्हीएमच्या थ्रेडचा मुंगीच्या पावलाने आणि या व्हीएमच्या दोन्ही थ्रेडचा धावत. दोन्ही एकदम वाढतात म्हणून पिनिंग (कोणता व्हीसीपीयू होस्टच्या कोणत्या सीपीयूला बांधलाय) बघितलं, तर व्हीसीपीयू ० पण होस्टच्या सीपीयू ३ ला पिन आणि व्हीसीपीयू १ पण ३ लाच!! व्हीएम बनवताना ओळ कॉपी केली आणि आकडा बदलायचा राहिला. म्हणजे दोन व्हीसीपीयू एकाच सीपीयूवर एकमेकांना ढकलत होते. प्रोग्राम एकटा असला की कळायचं नाही, दुसऱ्या व्हीसीपीयूवर काही जोरात चाललं की झटका. हे ५.१० पासूनच असणार, फक्त तेव्हा कोणी मॅक्स बघत नव्हतं.

व्हीसीपीयू १ ला सीपीयू ७ दिला, चालू व्हीएमवरच, रीबूट नाही. अर्ध्या तासात मॅक्स १.३ च्या वर गेलेला नाही.

नवा_गडी

जुना धागा वर आणतोय. हे वाचून माझ्या व्हीएमवर क्लॉक_गेटरेस (घड्याळाचं रीझोल्युशन सांगणारा कॉल) विचारलं तर ४०००००० आलं. पण माझ्या सीएमडीलाइनमध्ये हायरेस वगैरे काही नाही, आणि हाय-रेझोल्युशन टाइमरचा ऑप्शन कॉन्फिगमध्ये चालू आहे, मी कर्नल स्वतः बिल्ड करतो म्हणून खात्रीने सांगतो. यादीत क्लॉकसोर्स एकच, टीएससी.

कर्नल_काका

स्वतः बिल्ड करतोस तिथेच आलं बघ. छाटछाट करताना केव्हीएम गेस्टचा सपोर्ट उडवलास का? आणि एक्सपर्ट मेन्यूत जाऊन पीएम टाइमर? व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये (व्हीएमच्या कॉन्फिगची फाइल) एचपीईटी बहुतेक नाही असंच असतं, म्हणजे टीएससीशिवाय धड घड्याळच उरलं नाही. आता गंमत अशी की ज्या टीएससीवर न थांबण्याचा फ्लॅग गेस्टला दिसत नाही त्याच्यावर कर्नल डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, दुसऱ्या सलग चालणाऱ्या घड्याळाशी ताडून बघितल्यावरच त्याच्यावर हाय-रेस चालू करतो. ताडायला जिफीज सोडून कोणी नाही, आणि जिफीज म्हणजे टिकच, तो यात धरत नाहीत. म्हणून ऑप्शन चालू असूनही मोड चालू होत नाही आणि एररही येत नाही. प्रोसेसरच्या फ्लॅगमध्ये नॉनस्टॉप_टीएससी आहे का बघ.

नवा_गडी

नाहीये. आणि हो, दोन्ही उडवलेत, इमेज लहान करायच्या नादात. केव्हीएम गेस्ट परत घालून बिल्ड लावलंय.

बूट झालं. केव्हीएम-क्लॉक आला, रीझोल्युशन १.